जहाजाची बस की आपली टॅक्सी?

पावसाळा सरला, समुद्र निवळला, की मुरगाव बंदरात पर्यटक जहाजं लागायला सुरुवात होते. मोसम सुरू झाला की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोनही सुरू होतात. तीस वर्षं वास्कोत राहतोय, त्यामुळे मला सगळं ठाऊक असणार असा त्यांचा समज. प्रश्न ठरलेला: "काका, गोव्यात उतरल्यावर जहाजवाल्यांचीच टूर घेऊ, की बाहेरची गाडी करू?"

प्रश्न घरगुती वाटतो, पण त्याच्या उत्तरावर आपल्या शहरातल्या बऱ्याच चुली अवलंबून आहेत. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबई बंदरातून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, असं उद्दिष्ट आहे. म्हणजे जहाजं वाढणार. पण जहाजातून उतरलेला माणूस कुणाच्या गाडीत बसणार, कुणाकडे जेवणार आणि त्याचा पैसा कुठे जाणार, यावर आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी प्रवाशाच्या बाजूने बघू.

जहाज कंपनी जी टूर विकते ती बहुतेक वेळा कंपनी स्वतः चालवत नाही. बस इथल्याच एखाद्या टूर ऑपरेटरची, ड्रायव्हर इथला, गाइड इथला. कंपनी त्यावर आपला हिस्सा लावते आणि माणशी तिकीट विकते. मग त्या जास्तीच्या पैशात मिळतं काय? माझ्या मते मुख्य गोष्ट एकच. ती बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर जहाज थांबतं, नाहीतर कंपनी तुम्हाला आपल्या खर्चाने पुढच्या बंदरावर पोहोचवते. स्वतःच्या गाडीने गेलात आणि उशीर झाला, तर जहाज तुमच्यासाठी थांबायला बांधील नाही.

ही धमकी पोकळ नाही. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या साओ टोमे बेटावर खासगी टूरला गेलेले आठ प्रवासी उशिरा परतले. तटरक्षक दलाच्या बोटीने त्यांना जहाजापर्यंत नेलं, जहाज समोर नांगरलेलं होतं, तरी कॅप्टनने वर घेतलं नाही. मग ती मंडळी एकामागून एक देश ओलांडत सेनेगलपर्यंत जहाजाच्या मागे धावली. जगभर बातमी झाली आणि तेव्हापासून 'कंपनीचीच टूर घ्या बाबा' असं सांगणाऱ्यांना एक हुकमी उदाहरण मिळालं.

पण कंपनीची टूर म्हणजे सगळ्या बाबतीत सुरक्षित, असंही समजू नका. ९ डिसेंबर २०१९ ला न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ जण होते. त्यातले २२ दगावले. या ४७ पैकी ३८ जण एकाच क्रूझ जहाजावरून आले होते, आणि ती सहल त्यांना जहाजाकडूनच विकली गेली होती. उद्रेकाच्या तीनेक आठवडे आधी तिथल्या इशाऱ्याची पातळी वाढवलेली होती. जहाजाच्या तिकिटामागच्या बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं की टूर चालवणारा हा स्वतंत्र कंत्राटदार आहे, त्याच्या चुकीला आम्ही जबाबदार नाही. म्हणजे कंपनी हमी देते ती वेळेवर परतण्याची. बाकी डोळे आपले आपणच उघडे ठेवायचे.

आता हे सगळं मुरगावला लावून बघू.

परदेशी प्रवाशाचं जहाज चुकलं तर त्याची खरंच पंचाईत होते. पुढचं बंदर दुसऱ्या देशातलं, व्हिसा-पासपोर्टची भानगड, औषधं केबिनमध्ये. पण मुंबई-गोवा-मुंबई फेरीवर आलेल्या आपल्या माणसाचं काय? जहाज चुकलं तर मनस्ताप होईल, केबिनचे पैसे वाया जातील, पण मडगावहून कोकण रेल्वेने किंवा दाबोळीहून विमानाने तो घरी पोहोचेल. भाषा आपली, फोन चालू, पैसे खिशात. सामान जहाजावरून मुंबईला जाईल, तिथे घ्यायचं. साओ टोमेची भीती घालून डोंबिवलीच्या माणसाला बसचं तिकीट विकणं मला तरी पटत नाही.

दुसरा मुद्दा अंतराचा. बंदरापासून जुने गोवे तीसेक किलोमीटर, पणजीही साधारण तेवढीच. पूर्वी जुन्या झुआरी पुलावर गाड्यांची रांग लागली की सगळं गणित कोसळायचं. नव्या पुलाचा एक भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये खुला झाला, तेव्हापासून तो ताप बराच कमी झालाय. सकाळी साडेनऊला बंदराबाहेर पडलात तर साडेदहाला जुने गोवे. बॉम जेझुस आणि समोरचं से कॅथेड्रल नीट बघायला दीड तास. मग पणजीला मळा-फोंतेन्यासमध्ये पायी फेरी, जेवण, आणि साडेतीनच्या आत परत बंदरावर. पाचची हजेरी असेल तर दीड तास हातात उरतो. एवढ्यासाठी कंपनीची बस लागत नाही.

खर्चाचं गणितही सोपं आहे. बस माणशी पैसे घेते, टॅक्सी गाडीचे घेते. समजा बसचं तिकीट माणशी अडीच हजार आहे. चौघांचे दहा हजार झाले. तेवढ्यात अख्खी गाडी दिवसभर करून, चौघांचं मासळीचं जेवण होऊन वर पैसे उरायला हवेत. एकटा माणूस असेल तर मात्र बस स्वस्त पडू शकते.

आता कुठे जपायचं तेही सांगतो. कळंगुट-बागा चाळीसहून जास्त किलोमीटर लांब, आणि शनिवार-रविवारी तिथे गाडी पुढे सरकतच नाही. तिकडे जायचंच असेल तर सकाळी जा आणि जेवायच्या आधी निघा. दूधसागरला कुळ्यापर्यंत गाडी, पुढे जीप, जीपला रांग. थोड्या तासांसाठी आलेल्या माणसाने कंपनीची टूर असेल तर त्यातूनच जावं, नाहीतर तो बेत सोडावा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त असतं. त्या दिवसांत तिथला अर्धा तास दीड तासावर जातो. कार्निव्हलच्या मिरवणुकीच्या दिवशी वास्कोतले रस्तेच बंद असतात. ज्यांच्या घरात व्हीलचेअर आहे, ज्यांना वेळेची धास्ती आहे, किंवा ज्यांना पुढे परदेशी बंदर गाठायचंय, त्यांनी खुशाल जहाजाची टूर घ्यावी. घड्याळ मात्र सगळ्यांनीच जहाजाच्या वेळेला लावावं, आणि हजेरीच्या दोन तास आधी बंदराकडे तोंड वळवावं.

हे झालं पाहुण्यांचं. आता आपल्या माणसांविषयी.

आमच्या वाड्यावरच्या एकाची टुरिस्ट टॅक्सी आहे. जहाज येणार त्या दिवशी पहाटे पाचला उठून गाडी धुतो आणि सहाच्या आत स्टँडवर नंबर लावतो. आठ वाजता बसेस येतात, माणसं एकामागे एक चढतात, काचा बंद होतात आणि बसेस जातात. उरलेल्या प्रवाशांवर साठ-सत्तर टॅक्सीवाले. गेल्या मोसमात एकदा दुपारी भेटला तेव्हा विचारलं, "किती झालं?" म्हणाला, "बोणीसुद्धा ना, बाब. कितें करप?" गाडीचा हप्ता दर महिन्याला. मोसम सहा-सात महिन्यांचा, पावसात सगळंच बंद. त्याचा राग मला समजतो.

पण पाहुण्यांचीही एक बाजू आहे आणि ती टॅक्सीवाल्या भावांनी शांतपणे ऐकायला हवी. माझ्या भाच्याने बंदराच्या गेटवर एकाच फेरीचे तीन वेगवेगळे दर ऐकले. एकाने तर वाटेत "फक्त पाच मिनिटं" म्हणून काजूच्या दुकानात नेलं, तिथे चाळीस मिनिटं गेली. (बसवालेही दुकानात नेतात, ते सोडा. पण त्यांच्यासाठी जहाज थांबतं.) कसला दर, कुठला रस्ता, वेळेवर परत आणणार की नाही, यातलं काहीच जर आधी कळत नसेल, तर नवखा माणूस जास्त पैसे देऊन बसमध्येच बसणार. त्यात अॅप टॅक्सीचा वाद २०१८ पासून चाललाय, आणि भांडणाची क्लिप फिरली की पुढच्या जहाजाचे प्रवासी आधीच घाबरून उतरतात.

बस अडवून हा धंदा परत मिळणार नाही. बस जो भरवसा विकते, तोच आपल्याला आपल्या दरात विकता आला पाहिजे. त्यासाठी सरकारने आणि संघटनांनी एकत्र बसून चार गोष्टी कराव्यात, असं मला वाटतं.

पहिली, बंदराच्या आत, प्रवासी उतरतो तिथेच, ठरावीक फेऱ्यांचा दरफलक. जुने गोवे-पणजी इतके, मंगेशी-फोंडा इतके, बोगमाळो इतके. मराठी, कोकणी, इंग्रजी, हिंदीत. घासाघीस बंद.

दुसरी, प्रत्येक प्रवाशाला पावती. तिच्यावर गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन आणि जहाजाची हजेरीची वेळ छापलेली. ती वेळ ड्रायव्हरलाही माहीत असायलाच हवी.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, संघटनेची परतीची हमी. गाडी बंद पडली तर तासाभरात दुसरी गाडी जागेवर. संघटनेच्या चुकीने जहाज चुकलं तर प्रवाशाला मुंबईपर्यंत पोहोचवायचा खर्च संघटनेच्या निधीतून. दर फेरीमागे थोडे पैसे बाजूला ठेवले तर निधी उभा राहील. परदेशातल्या अनेक बंदरांत खासगी टूरवाले अशी हमी लिहून देतात. आपल्याला का जमू नये?

चौथी, वास्को दाखवा. जहाज आमच्या गावाला लागतं आणि पाहुणा आमचं गाव न बघता जातो. सड्यावरचं जपानी गार्डन आणि तिथून दिसणारा समुद्र, मुरगावच्या किल्ल्याचे अवशेष, दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय (सोमवारी बंद असतं), बोगमाळोचा किनारा, वास्कोची मासळी बाजारपेठ. अर्ध्या दिवसाची, जहाज चुकायची भीती नसलेली फेरी होईल. मुंबईत बॅलार्ड पियरला उतरलेला माणूस पायी व्हीटी स्टेशनपर्यंत जातो, त्याला कुणाचीच बस लागत नाही. आपल्याकडे निदान टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर बघण्यासारखं काय आहे, हे तरी कुणीतरी सांगायला हवं.

यातलं एकही काम कोट्यवधी रुपयांचं नाही. टर्मिनलची इमारत कितीही चकचकीत बांधली, तरी तिच्या दारात दरफलक नसेल तर प्रवासी सरळ बसकडेच जाणार. प्रवासी दुप्पट झाले तर बसेस दुप्पट होतील आणि आमचा टॅक्सीवाला त्याच रांगेत उभा राहील.

तोवर ज्यांचे नातेवाईक जहाजाने येतायत त्यांना एवढंच सांगा: परदेशी बंदर पुढे असेल किंवा दूधसागरसारखी लांबची जागा असेल तर जहाजाची टूर. जुने गोवे, पणजी, मंगेशी, बोगमाळो करायचं असेल तर इथली गाडी, दर आधी ठरवून, ड्रायव्हरला परतीची वेळ दोनदा सांगून. फेरी चांगली झाली तर त्याचा नंबर घ्या आणि पुढच्याला द्या.

टॅक्सी संघटनेतलं कुणी, बंदरावर काम करणारं कुणी किंवा जहाजाने येऊन गेलेलं कुणी हे वाचत असेल तर खाली लिहा. परतीच्या हमीची कल्पना प्रत्यक्षात कुठे अडेल, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. आमदारांना निवेदन द्यायचा विचार आहे. या मोसमाची पहिली काही जहाजं लागायच्या आत दिलं, तर उपयोग.