पोट आलेली वाकळ

पुण्यातल्या माझ्या प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला हा प्रश्न अकरा वेळा विचारला गेला. "मिसेसनी शिवल्यात का?" पहिल्या चार-पाच जणांना मी हसून "नाही, मीच" म्हणालो. नंतर नुसतं उजव्या हाताचं मधलं बोट पुढं करायला लागलो. अंगुस्तान न घालण्याच्या हट्टापायी त्या बोटाचं टोक आता चिंचोक्यासारखं झालंय. ते बघून लोक गप्प व्हायचे. एक काका मात्र म्हणाले, "बरं, मग तुम्ही करता काय?"

मी वाकळा शिवतो. आमच्या इचलकरंजी-कोल्हापूरकडं वाकळच म्हणतात. पुण्यात ‘गोधडी’ म्हटल्याशिवाय कळणार नाही, असं मित्रांचं मत. कलादालनाच्या व्यवस्थापकांना दोन्ही शब्द फार घरगुती वाटत होते, त्यांनी ‘टेक्स्टाइल आर्ट’ सुचवलं. शेवटी निमंत्रणाच्या कार्डावर तिन्ही नावं छापली गेली आणि त्या कार्डाची लग्नपत्रिका झाली, कुणाचं नाव राहिलं म्हणून कुणी रुसायला नको.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर चार यंत्रमाग होते. धोट्याच्या खडखडाटात आम्ही गाढ झोपायचो. जाग यायची ती माग बंद पडले की. रोज शेकडो मीटर कोरं कापड घरातून बाहेर जायचं आणि घरातल्या माणसांच्या अंगावर रात्री जुनंच असायचं. आज्जीची विरलेली लुगडी, वडिलांच्या शर्टांच्या पाठी, कुणाचा तरी परकर. कोरं कापड विकायचं असतं आणि जुनं पांघरायचं असतं, यात काही विचित्र आहे असं तेव्हा वाटलं नाही.

मे महिन्यात आई सोप्यात वाकळ घालायची. लुगडी अंथरून झाली की एका कोपऱ्यावर वरवंटा, दोन कोपऱ्यांवर विटा आणि चौथ्यावर मी. "हालू नगंस." या कामात माझी सुरुवात अशी दगड म्हणून झाली.

दगडाला बघायला भरपूर वेळ असतो. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा. पन्हा पावणेचार फूट, म्हणून दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की एक थर. म्हणजे एका लुगड्याचे दोन थर. तीन लुगडी असली की सहा थरांची भरपूर वाकळ होते. सगळ्यात फाटकं लुगडं पोटात, त्यातल्या त्यात धड असलेलं खाली, आणि वर तुकड्यांची जोडाजोड. सुती लुगडं धुऊन-धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की सुई आपोआप आत जाते. नायलॉनची साडी मध्ये घातली तर ती थरांमध्ये सरकत राहते, वर चुण्या पडतात आणि शिवणाऱ्याच्या तोंडी शिव्या येतात. लग्नात आलेल्या नायलॉनच्या साड्या आमच्याकडं वर्षानुवर्षं तशाच पडून असायच्या, त्या यामुळंच.

मग धावदोरा. कडेपासून सुरू करायचं, चारही बाजूंनी फिरत आत यायचं, चौकोनात चौकोन. सहा बाय सात फुटांच्या वाकळेत इंचाइंचावर ओळी घातल्या तर दोऱ्याची वाट सुमारे १५० मीटर भरते. शिवणारी बाई वाकळेवरच बसते आणि शिवत-शिवत मध्याकडं सरकते. शेवटचा टाका अगदी मधोमध पडतो. प्रत्येक फेरीला वरचं कापड केसभर आत ढकललं जातं. थर आधी नीट बसवलेले नसले तर हा केसकेस सैलपणा साठत-साठत मधोमध येतो आणि तिथं फुगवटा उभा राहतो. बायका त्याला ‘पोट आलं’ म्हणतात. तोवर उशीर झालेला असतो. सगळं उसवा, नाहीतर पोटासकट पांघरा.

माझ्या हातात सुई आली ती उशिरा. माग भंगारात वजनावर गेले, वडील गेले, मी सूत विकणाऱ्या एका पेढीत हिशेब लिहायला लागलो. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ती नेढ्यात दोरा ओवून मागायची. ओवता-ओवता एकदा मीच चार टाके घातले. तिनं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "तांदळाएवढा घाल. हा भोपळ्याच्या बीएवढा झालाय."

आपण करतो ते भिंतीवर लावण्याजोगं असतं, हे मला एका पुस्तकानं शिकवलं आणि पुढची दोन वर्षं माझं नुकसानही त्याच पुस्तकानं केलं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणात ‘जीज बेंड’ नावाची वस्ती आहे. गुलामांच्या वंशजांची. तिथल्या बायकांनी शेतावरच्या फाटक्या कपड्यांतून, विटक्या डेनिममधून पांघरुणं शिवली. २००२ साली ती ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागली. २००६ मध्ये त्यांतल्या दहांची टपाल तिकिटं निघाली. त्यांच्या एका घडणीला ‘हाउसटॉप’ म्हणतात, चौकोनात चौकोन. ते पान उघडल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. सोप्यातली आई मला त्यात दिसत होती, फक्त आमच्याकडं तो चौकोन दोऱ्याचा आणि त्यांच्याकडं कापडाचा.

मग मी नक्कल सुरू केली. पुण्याच्या तुळशीबागेतून कोरं कापड आणायचं, वाकडंतिकडं कापायचं, मुद्दाम जरा चुकवून जोडायचं. दिसायला झकास. आई महिनाभर काही बोलली नाही. एक दिवस कात्री माझ्या हातातून काढून घेत म्हणाली, "चांगलं कापड कशाला नासतोस?" जीज बेंडच्या बाईचा तुकडा वाकडा होता कारण तिच्यापाशी उरलंच तेवढं होतं. माझा वाकडा होता कारण मला तसा आवडला होता. त्या दोन वर्षांतल्या सहाही वाकळा मी वाटून टाकल्या.

त्यापेक्षा जवळचा धडा कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला. हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका, मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या, ‘कवंदी’ शिवतात. त्याही कोपऱ्यातून सुरू करून फिरत-फिरत मध्याकडं जातात. आपल्यासारखंच. पण शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची ‘फुला’ लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. तशी सोडली तर ती नागडी. पांघरणाऱ्याला त्या फुलांचा ऊब म्हणून काडीचा उपयोग नाही. तरी ती हवीत. हे कळल्यावर मी ‘कला की उपयोग’ या विषयावर मित्रांशी वाद घालायचं सोडून दिलं.

प्रदर्शनात अकरा वाकळा होत्या. आम्ही त्या वरच्या कडेला क्लिपा लावून टांगल्या आणि घरी जाऊन झोपलो. सकाळी येऊन बघतो तर सगळ्यांच्या वरच्या कडा लग्नाच्या मंडपाच्या झालरीसारख्या, प्रत्येक दोन क्लिपांमध्ये झोळ. अडीच किलोचं ओझं नऊ चिमट्यांवर! जुलैची दमट हवा त्यात भर घालत होती. वाकळ आडवी राहायला जन्मलेली असते, उभं राहायची तिला सवय नाही. त्या रात्री दार बंद करून मी आणि एक मित्र जमिनीवर बसलो आणि प्रत्येकीच्या पाठीला वरून नेफा शिवला, परकराला असतो तसा. त्यात बांबू घातले, तेव्हा वजन सगळीकडं सारखं वाटलं गेलं. अकरा नेफे शिवेपर्यंत पहाटेचे चार वाजले. कलाशाळेत शिकलेल्या कुणाला हे आधीच माहीत असणार.

आता खरी गोष्ट. आज्जीच्या दोन इरकली लुगड्यांची एक वाकळ मी समोरच्या भिंतीवर लावली होती. काळपट हिरवी, कडेला पदराचा लाल, आणि बरोबर मध्यात हळदी रंगाच्या खणाचा वीतभर चौकोन. तिच्यापाशी माणसं थांबायची. एका कलाशाळेतली मुलगी तर रोज यायची, वहीत रेखाटनं करायची. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली की, सगळी शांतता त्या पिवळ्या चौकोनावर येऊन थांबते आणि तुम्ही तो अगदी नेमक्या जागी ठेवलाय. मी मान डोलावली. काय करणार?

तेवढ्यात एक आजीबाई आल्या. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, बरोबर नात. बोलण्यावरून सांगलीकडच्या. ‘हात लावू नये’ अशी पाटी होती, ती त्यांनी वाचली नाही किंवा वाचून सोडून दिली. आधी कोपरा उलटून मागची बाजू बघितली. मग तळहात सपाट धरून कडेपासून आत आणला, पोळपाटावरचं पीठ सारतात तसा, हळूहळू, आणि पिवळ्या चौकोनावर थांबवला. दोनदा दाबून बघितलं.

"हितं प्वाट आलं हुतं न्हवं?"

मुलीची पेन्सिल थांबली. मी म्हटलं, "होय."

"म्हणून ठिगाळ लावलंस."

"होय."

"आदी मधनं भाईर कच्चं टाकं घातलं न्हाईत?"

घातले नव्हते. मध्यापासून चारही दिशांना लांब-लांब कच्चे टाके घातले की थर एकमेकांना धरून राहतात आणि मग कडेपासून खुशाल आत यावं. आईनं मला ते शिकवलं होतं. पण त्यात अर्धा दिवस जातो आणि शेवटी ते सगळे उसवून टाकायचे असतात, दिसत कुठंच नाहीत. प्रदर्शनाची तारीख जवळ आली होती. फुगवटा आल्यावर मी मधला भाग कापला, जादाचं कापड आत दडपलं आणि वर खण बसवला.

आजीबाईंनी किमतीची चिठ्ठी नातीकडून वाचून घेतली. अठरा हजार ऐकून त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही, आमच्या गल्लीतल्या बायका भाव विचारून वांगी परत टोपलीत ठेवताना बघतात तसं.

"पांघराय बरी हाय," म्हणाल्या. "प्वाटावर प्वाट यील."

त्या मुलीला मी तेव्हाच खरं काय ते सांगून टाकलं. तिनं वहीतल्या रेखाटनात चौकोनाच्या आत एक गोल काढला, मग तो खोडला, मग परत काढला.

त्या आठवड्यात चार वाकळा गेल्या. ही राहिली. रात्री आईला फोनवर आजीबाईंचं सांगितलं. मला वाटलं ती हसेल.

"कुठली वाकळ? आत्याबाईंच्या लुगड्यांची?"

"हो."

"इकली न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग घिऊन ये," आई म्हणाली. "उसवू."