सुकलेले कंडेन्सर

व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की लोक आधी व्हॉल्व्हवर संशय घेतात. ते साहजिकच आहे. काचेचे व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसतात, कंडेन्सर दिसत नाहीत. पण बहुतेक वेळा आधी म्हातारे होतात ते कंडेन्सरच. पुस्तकात यालाच कपॅसिटर म्हणतात. वर्गात आम्ही तो शिकवतो, पण त्याचे म्हातारपण आम्हाला कळले ते अब्बांच्या मशीनमुळे.

अब्बा लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावायचे. या जडशीळ मशीनवर त्यांनी १९८५ पर्यंत घर चालवले. पुढे ट्रान्झिस्टरची हलकी मशीन घेतली आणि हे माळ्यावर गेले. गेल्या वर्षी त्यांनी ते खाली काढायला लावले. भाईजान म्हणाले, "हौशी लोक चांगले पैसे देतात, विकून टाकू." अब्बांचा हुकूम निराळाच होता : "बजाव, लेकिन अंदर का कुछ बदलना नक्को. असली माल है."

अडचण या 'असली'चीच होती. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये रसायनात भिजवलेला कागद असतो. एका पट्टीवरचा ऑक्साइडचा बारीक थर वीज अडवून धरतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि इथे तर शेजारीच तापलेले व्हॉल्व्ह. मशीन नुसते पडून राहिले तरी तो थर कमजोर होतो. अशा मशीनला एकदम पूर्ण वीज दिली तर कंडेन्सर फुटू शकतो, ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. म्हणजे असली कंडेन्सर जपण्याच्या नादात असली ट्रान्सफॉर्मर गमवायचा!

हे बोलून पटेना. तेव्हा आम्ही १०० वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावून मशीन जोडले. दिवा क्षणभर उजळून मंद व्हायला हवा होता. तो तसाच लख्ख जळत राहिला. अब्बांचे आयुष्य असे दिवे पाहण्यात गेलेले. आमच्या पुस्तकी बोलण्यापेक्षा त्यांना तो दिवा पटला. "निकाल डालो," एवढेच म्हणाले.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ४५० व्होल्टचे कंडेन्सर आणले. मोठा कंडेन्सर म्हणजे चांगला, असे इथे नसते. जीझेड ३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हपुढे पहिला कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडहून मोठा चालत नाही. मेणकागदाचे कपलिंग कंडेन्सरही बदलले. ते गळू लागले की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको ती वीज पोचते आणि आतली प्लेट लाल होते.

काम चालू असता अब्बा खुर्ची टाकून समोर बसले. प्लग काढला तरी आत चारएकशे व्होल्ट दबा धरून असू शकतात. म्हणून आधी रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामे करायचे, मीटरने खात्री करायची. चालू मशीनमध्ये मोजमाप करताना ते दरवेळी बजावत : "एक हात पीठ पे!" दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. आमच्या बी.एड.त हे कुणी शिकवले नव्हते.

चेसिसवरची अ‍ॅल्युमिनियमची जुनी नळकांडी काढली नाहीत. त्यांच्या तारा सोडवल्या आणि नवे कंडेन्सर खालच्या बाजूला बसवले. वरून पाहिले तर मशीन होते तसेच आहे. मेणकागदाचे कंडेन्सर अब्बांनी बिस्किटाच्या डब्यात ठेवले आहेत.

पुन्हा सिरीजचा दिवा लावला. या वेळी तो उजळला आणि मंदावला. ५० हर्ट्झची वीज रेक्टिफायरमधून गेली की १०० हर्ट्झची घुंई उरते, ती गाळण्याचे काम या कंडेन्सरचे. अब्बांना आता बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत. ही जाड घुंई मात्र त्यांना बरोबर कळते. त्यांनी स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग भाईजानकडे पाहून म्हणाले, "अब बेचने की बात नक्को."

भाईजान हसले आणि माईकची वायर शोधू लागले.