बाबांची विहीर

आमच्या बाबांनी दोनच गोष्टींना जीव लावला : वाडी आणि संसार. लहानपणी वसईतील आमच्या घरी रहाटाची कुरकुर ऐकतच आम्ही भावंडे जागी होत असू. राजेळीची सुकेळी उन्हात उलटताना त्यांचे हात जितके हळुवार असत, तितकेच आमच्या तापलेल्या कपाळावरही असत. दर उन्हाळ्यात ते बावखलातील गाळ स्वतः उपसत. पावसाचे पाणी तेथे मुरले, तरच विहीर गोडी राहते, असे सांगत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, त्या दिवसांत विहिरींवर टँकर भरले जात होते. बहिणीचे लग्न ठरले होते, पैशांची निकड होती. आम्ही पाणी विकण्याचा हट्ट धरला. बाबा म्हणाले, “गोडे पाणी उपसले की खारे आत शिरते. मग नातवंडांना काय द्यायचे?” त्यांनी दुभत्या म्हशी विकून लग्न लावले. आम्ही मात्र कित्येक महिने त्यांच्याशी धड बोललो नाही.

आज बाबा नाहीत. शेजारच्या काही विहिरी मचूळ झाल्या. आमची अजून गोडी आहे. त्यांची क्षमा वेळेवर मागितली नाही, हे शल्य तेवढे उरले आहे.