बारा प्रश्नचिन्हे

आमच्या घरी आजोबांच्या वेळच्या कागदांचा एक गठ्ठा आहे. सगळा मोडीत. मला त्यातले एक अक्षर लागत नाही. पण म्हणून कागद बिघडले, असे मी कधी म्हटलेले नाही. घरात असलेले हे शहाणपण कचेरीत गेल्यावर कुठे जाते, कोण जाणे!

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. मोटारींना लागणारे पत्र्याचे सुटे भाग आम्ही करतो. आमच्या सर्व्हरवर मायएसक्यूएलची ५.७ ही आवृत्ती होती. २०२३ सालच्या ऑक्टोबरात कर्त्यांनी तिच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. तेव्हा दिवाळीच्या आधीच ८.० चढवून मोकळे व्हावे, असे मी ठरवले. सौभाग्यवती म्हणाली, "आधी लोकांचा बोनस तरी होऊ द्या!" तिला यातले काय कळते, असे मला त्या वेळी वाटले.

शनिवारी रात्री काम केले. मध्ये दोनदा वीज गेली. सोमवारी दुपारी पाहतो तो हजेरीचा तक्ता उघडेना, आणि कामगारांच्या यादीत एक मराठी नाव दिसेना. प्रत्येक 'म'च्या जागी तीन चिन्हे : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', कुठल्याशा नाण्याची खूण आणि शेवटी व्यापारी छाप! बोनसला चार दिवस राहिलेले. माझ्या हातापायांतले बळच गेले.

एक गोष्ट मात्र बरी सुचली. काहीही दुरुस्त करण्याआधी सगळ्या फायली जशाच्या तशा दुसरीकडे उतरवून ठेवल्या. मग हजेरी घेतली. या जुन्या धाटणीच्या तक्त्यात मजकूर एका फायलीत असतो आणि सूची दुसरीत. वीज गेली तेव्हा सूची फाटली होती. पुस्तकाची सूची गेली म्हणून प्रकरणे जात नाहीत. दुरुस्तीची आज्ञा दिली, आणि सूची नव्याने बांधली गेली.

नावांचे दुखणे निराळे होते. मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनकडचा. नुसता तक्ता मांडला, तर ती लॅटिन लिपी आणि स्वीडिश अकारविल्हे गृहीत धरी. आमच्या आधीच्या माणसाने तक्ते तसेच मांडले होते. एका देवनागरी अक्षराचे तीन आकडे आत जात, आणि तेच तीन बाहेर येत. आत काय आहे हे सर्व्हरला ठाऊक नसे. आम्हांला मराठी दिसे, आणि दोघांचे बरे चालले होते. २०१८ साली आलेल्या ८.०ने जगातल्या सगळ्या लिप्या वाचणारी पद्धत मूळची म्हणून धरली. झाले! आता सर्व्हर ते 'लॅटिन' प्रामाणिकपणे भाषांतरून देऊ लागला. कागद तोच, वाचणारा बदलला. आजोबांची मोडीच ती!

उपाय सोपा, पण क्रमाचा. घाईने लिपी बदलली असती, तर चुकीचे वाचनच पक्के झाले असते. आधी त्या रकान्याला सांगायचे, 'ही अक्षरे नव्हेत, नुसते आकडे आहेत'. आणि मग, 'आता हे आकडे नव्या पद्धतीने वाच.' उतरवलेल्या प्रतीवर करून पाहिले. रात्री अकराला पडद्यावर पहिले मराठी नाव आले, तेव्हा मी खुर्चीतच टाळी वाजवली.

आणि मग यादीच्या तळाशी नजर गेली. तिथे बारा ओळी होत्या, नुसत्या प्रश्नचिन्हांच्या.

कचेरीतल्या ताईंनी सकाळीच बारा नव्या कंत्राटी कामगारांची नावे भरली होती, आणि शिस्तीप्रमाणे चिठ्ठ्या फाडून टाकल्या होत्या. लॅटिनच्या रकान्यात देवनागरी मावत नाही. अशा वेळी सर्व्हरने नोंद नाकारावी, असा त्याचा कडक नियम आहे. तो नियम, जुना प्रोग्रॅम सारखा कुरकुरतो म्हणून, मीच कधीकाळी बंद केला होता. तेव्हा सर्व्हरने निमूटपणे अक्षरागणिक एकेक प्रश्नचिन्ह लिहिले. त्याला दुरुस्ती नाही. प्रश्नचिन्हातून नाव परत येत नाही.

मंगळवारी सकाळी वही घेऊन मी प्रेसच्या शेडमध्ये गेलो. चार वर्षे मी ही यादी सांभाळली. यादीतल्या माणसांकडे असा कधी गेलो नव्हतो. यंत्रांच्या धडधडाटात एकेकाला नाव विचारले, वडिलांचे विचारले, लिहिले, आणि वाचून दाखवले.

अकरावा गडी वहीत वाकून पाहू लागला. म्हणाला, "साहेब, शहामृगाचा नाही, पोटफोड्या ष. मागल्या साली इथंच होतो, तवाबी तुमच्या यादीत चुकलाच होता."

मी मागल्या सालची यादी काढून पाहिली. तिच्यात एकही प्रश्नचिन्ह नव्हते. त्याचे नाव मात्र खरेच चुकलेले होते.