नांवाआधींचीं दोन अक्षरें

लग्न जमविणें एक वेळ सोपें, पण लग्नाची पत्रिका जमविणें कठीण, असें आमचें अनुभवान्तीं मत झालें आहे. मुलामुलीचीं मनें जुळलेलीं असतात, देण्याघेण्याचा प्रश्न सुदैवानें मागें पडलेला असतो, कार्यालय वर्षभर आधीं धरून ठेवलेलें असतें. आणि मग एके दिवशीं पत्रिकेचा कच्चा मसुदा घरांत येतो व सगळें घर दोन पक्षांत विभागलें जातें. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या पुतण्याच्या लग्नाच्या वेळीं हाच प्रसंग आमच्या सदाशिव पेठेंतील घरीं ओढवला.

आमचे थोरले बंधु जाऊन तेव्हां बारा वर्षें झालीं होतीं. निमंत्रक म्हणून पहिलें नांव वहिनींचें येणार, हें उघड होतें. 'आमचे येथें श्रीकृपेंकरून' या ठराविक मजकुरावर कोणाचाच आक्षेप नव्हता. पण वहिनींच्या नांवाआधीं 'गं. भा.' हीं दोन अक्षरें दिसतांच पुतणी उसळून म्हणाली, "काका, आईचं वैधव्य छापून गांवभर वाटायचं आहे का आपल्याला?" त्यासरशीं आमच्या आत्याबाई, वय वर्षें अठ्ठ्याऐंशीं, खुर्चींतल्या खुर्चींत ताठ झाल्या. "अग, शिवी का आहे ती? गंगा आणि भागीरथी! याहून मोठा मान बाईमाणसाला कोणता द्यायचा?" नवरदेवांनीं 'श्रीमती'चा मध्यम मार्ग सुचविला. आत्याबाई म्हणाल्या, "श्रीमती म्हणजे तरी दुसरं काय?"

आत्याबाईंचें हें शेवटचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. 'श्रीमती' या शब्दांत वैधव्याचा लवलेश नाहीं. उत्तरेकडे हिंदी बोलणारे लोक तो सौभाग्यवतीलाच लावतात. आपल्याकडे मात्र जी 'सौ.' नाहीं ती 'श्रीमती' अशी समजूत पुष्कळांच्या मनांत रुजली, आणि बिचाऱ्या शब्दाला नसलेला अर्थ चिकटला. शब्द मुळांत कितीही निर्मळ असला तरी आपण त्याला कोणत्या पंक्तीला बसवितों, त्यावर त्याचा रंग ठरतो.

योगायोग असा, कीं त्याच एप्रिल महिन्यांत हाच वाद मंत्रालयांतही उपस्थित झाला होता. राज्याचे तेव्हांचे महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनीं 'विधवा' या शब्दाऐवजीं 'गंगाभागीरथी' हा शब्द वापरण्याविषयीं प्रस्ताव तयार करावा, असें आपल्या खात्याच्या सचिवांस कळविलें होतें. चोहोंकडून टीका झाल्यावर, हा केवळ विचारविनिमय आहे, निर्णय झालेला नाहीं, असा खुलासा त्यांना करावा लागला. पुतणीनें ती बातमी मोबाईलवर काढून आत्याबाईंच्या पुढें धरली. आत्याबाईंना ती अर्थातच आपल्या बाजूची वाटली!

असा वाद निघाला, कीं आमच्यांतला निवृत्त मास्तर जागा होतो. आम्हीं आत्याबाईंना आमच्या आजोळच्या सोवळ्या आजींची आठवण करून दिली. लाल आलवण, डोईवरून घेतलेला पदर, आणि पहांटेपासून रात्रींपर्यंत राबणारे हात, एवढीच त्यांची मूर्ति आमच्या डोळ्यांपुढें आहे. घरांतलीं माणसें त्यांना 'सोवळ्या' म्हणत. श्राद्धपक्षाचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा चाले. पण कोणी परीक्षेला किंवा प्रवासाला निघालें, कीं त्या आपण होऊन दाराआड उभ्या राहात. पाहा, केवढी ही विसंगति! पावित्र्याचे जेवढे म्हणून थोर शब्द आपल्या भाषेंत होते, ते आपण त्या बाईला बहाल केले. गंगा दिली, भागीरथी दिली, सोवळें दिलें. एक गोष्ट मात्र दिली नाहीं. उंबरठ्यावर उभें राहून "सुखरूप ये" म्हणण्याचा हक्क दिला नाहीं. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्या आजी त्यांच्याही ओळखीच्या होत्या.

वाद जिंकत आल्याचें दिसतांच आम्हीं अण्णासाहेब कर्व्यांचा दाखला काढला. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं शारदा सदनांत शिकणाऱ्या गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला, आणि त्यापायीं मुरूडच्या गांवकऱ्यांचा बहिष्कारही सोसला. त्याच वर्षीं त्यांनीं 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' स्थापन केली. पण दोनच वर्षांनीं, १८९५ सालीं, तिचें नांव बदलून 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी' असें ठेवण्यांत आलें. नांव लांबलें, उच्चारावयास अवघड झालें. पण त्यांतला फरक लहान नव्हे. 'उत्तेजन' म्हटलें, कीं कोणाला तरी पुढें ढकलल्याचा वास येतो. 'प्रतिबंधनिवारण' म्हटलें, कीं वाटेंतला धोंडा फक्त बाजूला करावयाचा आहे, चालावयाचें कीं नाहीं तें जिचें तिनें ठरवावयाचें, असा अर्थ होतो. पुढें १८९६ सालीं विधवांच्या शिक्षणासाठीं संस्था काढली, तिचें नांवही 'अनाथ बालिकाश्रम' असें ठेवलें. 'विधवा' हा शब्द तिच्या पाटीवर नव्हता. तेव्हां शब्दांची निवड ही रिकामटेकड्यांची करमणूक नव्हे, असें आम्हीं ठासून सांगितलें. 'गं. भा.' गेलें, 'श्रीमती' आलें, आणि आम्ही विजयी मुद्रेनें मसुद्यावर सही केली.

या सबंध तासांत वहिनी दोनदां चहा घेऊन बाहेर आल्या आणि दोनदां रिकामे कप घेऊन आंत गेल्या.

लग्नाच्या दिवशीं सकाळीं कार्यालयांत जाण्यापूर्वीं नवरदेवाला ओवाळावयाचें होतें. पुतण्या पाटावर बसला. गाड्या दाराशीं येऊन थांबल्या होत्या, मुहूर्त जवळ येत चालला होता, आणि अशा वेळीं घरांतला कर्ता पुरुष जसा ओरडतो तसे आम्ही आमच्या पत्नीला उद्देशून ओरडलों, "अहो, तबक आणा, उशीर होतो आहे!" तबक आलें, निरांजन फिरलें, अक्षता पडल्या. जोडे चढविण्यासाठीं आम्ही मागें वळलों, तेव्हां स्वयंपाकघराच्या दाराआड वहिनी उभ्या दिसल्या. नवी पैठणी नेसलेल्या, हात जोडलेले, आणि नजर मुलाकडे. त्यांना मागें राहा असें कोणी सांगितलें नव्हतें. पण पुढें या असेंही कोणी म्हटलें नव्हतें. ज्यानें म्हणावयाचें, त्यानेंच दुसरीला हांक मारली होती.

आजोळच्या आजी जेथें उभ्या राहात, ती हीच जागा. मधल्या साठ वर्षांत आलवण गेलें, केशवपन गेलें, आमच्या पत्रिकेंतून 'गं. भा.'ही गेलें, दाराआडची ती वीतभर जागा मात्र गेली नव्हती. आणि ती राखून ठेवणारे, कर्व्यांचा दाखला देणारे, आम्हीच होतों.

सत्यनारायणाच्या दिवशीं संध्याकाळीं पाहुणे पांगल्यावर आम्हीं वहिनींपाशीं चूक कबूल केली. त्या हंसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, पत्रिका फार छान झाली. त्या दिवशी तुम्ही सगळे माझ्याच नांवावरून तासभर भांडत होतात. मला वाटलं, चहाला तरी कोणी विचारील, की बाई ग, तुझं काय मत?"

"काय सांगितलं असतंत?"

"नुसतं नांव छापा म्हटलं असतं. आधी कांहीं नको, नंतर कांहीं नको. बँकेच्या हजेरीपटावर इतकी वर्षं नुसतं नांवच होतं. कोणाचं कांहीं अडलं नाही."

"आणि ओवाळण्याचं?"

त्या थोडा वेळ थांबल्या. "त्याचा दोष एकट्या तुमचा नाही. मीच पुढं व्हायला हवं होतं. पाय उचलला नाही, भाऊजी."

हें ऐकल्यापासून आम्हांला दोन गोष्टी स्पष्ट दिसूं लागल्या आहेत. पहिली ही, कीं ज्याचें नांव त्याला विचारल्यावांचून दिलेला मान पुष्कळदां मान ठरत नाहीं. १९३३ च्या फेब्रुवारींत गांधीजींचें 'हरिजन' साप्ताहिक याच पुण्याहून निघालें. ते स्वतः त्या वेळीं येरवड्याच्या तुरुंगांत होते. त्या शब्दामागील हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण १९३८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत हा शब्द कायद्यांत घालण्याचें निघालें, तेव्हां डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. ज्यांना तें नांव चिकटणार होतें, त्यांना तें नको होतें. 'दलित' हा शब्द मात्र त्यांच्या चळवळींनीं आपला म्हणून अभिमानानें मिरविला. २०१५ च्या अखेरीस 'विकलांग' या शब्दाच्या जागीं 'दिव्यांग' हा शब्द पंतप्रधानांनीं सुचविला, तेव्हांही त्या वर्गांतल्याच कित्येक संघटना म्हणाल्या, कीं आम्हांला दिव्यत्व नको. इमारतींत शिरतां येईल असा उतार बांधून द्या.

दुसरी गोष्ट ही, कीं शब्द ही हुंडी आहे. वर्तनाची रोकड पाठीशीं असेल तर ती वटते. नसेल तर आज ना उद्यां परत येते. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांत हेरवाड नांवाचें गांव आहे. मे २०२२ मध्यें तेथील ग्रामपंचायतीनें ठराव केला, कीं पति वारल्यावर बायकोचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें, जोडवीं काढणें या प्रथा यापुढें गांवांत पाळावयाच्या नाहींत. सरकारनेंही त्याच महिन्यांत परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींस हा कित्ता गिरविण्यास सांगितलें. हेरवाडकरांनीं विधवेसाठीं नवा शब्द शोधला नाहीं. त्यांनीं तिच्या हातावरचा दगड अडविला. मंत्रालयांतला शब्दाचा वाद याच्या पुढच्याच वर्षींचा. दोहोंतलें कोणतें काम आधीं करावयाचें, हें त्या लहानशा गांवाला आम्हां पुणेकरांपेक्षां चांगलें कळलें होतें.

याचा अर्थ शब्द बदलूंच नयेत असा मात्र कोणी घेऊं नये. आमच्या सकाळच्या फिरण्यांतले स्नेही, "आतां काय बोलावें याचीही यादी सरकारकडून आणा," म्हणून कुरकुरतात. आम्हांला तें पटत नाहीं. 'बोडकी', 'आंधळ्या', 'लंगड्या' हीं आमच्या लहानपणीं हांका मारण्याचीं नांवें होतीं. तीं आमच्या तोंडून गेलीं म्हणून आमची मराठी कोठें दरिद्री झाली नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशीं वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें घेतला, तोही योग्यच होता. शाळेच्या अर्जावर पत्ता लिहितांना पोराला आपली जात लिहावी लागूं नये. पाटी बदलावीच. मात्र पाटी बदलणाऱ्यानें त्या वस्तींत जाऊन एकदां पाणीही प्यावें.

पुढील वर्षीं मार्गशीर्षांत पुतणीचें लग्न निघालें. या वेळीं मसुदा आधीं स्वयंपाकघरांत गेला आणि वहिनींचें नुसतें नांव घेऊन बाहेर आला. आमच्याच पेठेंतील ज्ञान प्रबोधिनीनें स्त्रियांना पौरोहित्य शिकविण्याचा उपक्रम पुष्कळ वर्षें चालविला आहे. तसें शिक्षण घेतलेल्या एक बाई विधि सांगावयास आल्या होत्या. कन्यादानास आम्ही उभयतांनीं बसावें कीं काय, असें आम्हीं जुन्या संवयीनें विचारलें. त्यांनीं साधा प्रतिप्रश्न केला, "मुलीच्या आई आहेत ना?"

घरून निघण्यापूर्वीं मुलीला ओवाळावयाचें होतें. या खेपेस आम्हीं नीट शब्द जुळवून ठेवले होते, पण ऐन वेळीं एकच सुचला. "वहिनी, या," असें आम्ही म्हणालों. त्या पुढें आल्या. तबक धरलेले हात इतके कांपत होते, कीं सुपारी एका कडेहून दुसऱ्या कडेला घरंगळत होती. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. कोणीच बोलेना. निरांजनाची ज्योत वाऱ्यानें एकदां मिणमिणली, तशा आत्याबाई तोंड न वळवितांच म्हणाल्या, "अग, पदराचा आडोसा कर. विझेल ती."

त्यांनीं पाहिलें होतें म्हणावयाचें! लग्न यथासांग लागलें, जेवणें वेळेवर झालीं, आणि पुतणी आज आपल्या घरीं सुखांत आहे.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं सध्यां पत्रिकेचा मसुदा आला असेल, तर त्यांस आमची एवढीच विनंति आहे: तो छापावयास टाकण्यापूर्वीं एकदां आंत जाऊन विचारून या, आणि विचारून येतांना, तबक कोणाच्या हातीं जाणार आहे, तेंही ठरवून या.