वरून थोडा सांबार

लाखांदूरच्या आठवडी बाजारात माझा खरा व्यवहार भाजी पिशवीत पडल्यावर सुरू होतो. वांगी तोलून झाली, पैसे दिले, सुटे परत आले, तरी मी जागचा हलत नाही. भाजीवाली मला पुरती ओळखून आहे. आधी ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्यासारखं करते. मग पोत्यावरचा ओला फडका बाजूला सारते, सांबाराची जुडी उचलते, चार-पाच काड्या ओढून काढते, एकदा झटकते आणि माझ्या पिशवीत टाकते. "घ्या जी, वरून." मग मी हलतो.

नागपूरच्या पलीकडच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याचा एक पाहुणा माझ्याबरोबर बाजारात आला होता. "वरून थोडा सांबार टाका" हे ऐकून तो इडलीचं पातेलं शोधायला लागला. त्याला समजावून सांगितल्यावर त्यानं शहाण्या माणसासारखा प्रश्न केला, "मग विकतच घ्या ना, दहा रुपयांना तर मिळते!" आता याला काय सांगावं? विकतचा सांबार मी घेतोही. पण त्याची चटणी होते, आणि वरून आलेल्या चार काड्या हातात धरून मी उगाच हसत घरी येतो. घरी कोणी विचारलं, "काऊन हसता?" तर सांगण्यासारखं काही नसतं.

माझा पुतण्या अर्थशास्त्र शिकला आहे. त्याचं म्हणणं, फुकट काही नसतं, सांबाराची किंमत तिनं वांग्यांत धरलेली असते. धरली असेल. मला तर संशय आहे की ती वांगी तोलताना काट्याला थोडी मदत करते आणि तेच सांबारातून परत देते. तरी काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे, लाल आकडे दाखवणारा. त्या आकड्यांत वांगी बसतात, मिरच्या बसतात. सांबार मात्र नेहमी काट्यावरून माल उतरल्यावरच येतो. तो तिनं आजवर कधी तोललेला नाही.

लहानपणी घरी धान मोजला जाई तेव्हा पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. मोजणी लाभापासून सुरू न होता एकापासून सुरू होते, हे मला शाळेत गेल्यावर फार खटकलं. गुरुजींनी "एक" म्हणायला लावलं आणि माझ्या मते तिथून गणित बिघडलं. मजुरीचा धान चुंगडीत ओतून झाला की आजी दोन्ही हातांची ओंजळ भरून वर आणखी टाकायची. ती ओंजळ मोजणीत नसायची. धान नेणारी बाई त्या ओंजळीकडे बघायची, आजीकडे बघायची, आणि दोघीही काही बोलायच्या नाहीत. चुंगडी डोक्यावर चढवताना मात्र बाईच्या चेहऱ्यावर ते दिसायचं. भरलेल्या चुंगडीनं ती वाकायची आणि त्या ओंजळीनं हसायची, असं मला तेव्हा वाटायचं. आता ओंजळ टाकायला कोणी बसत नाही. धान हार्वेस्टरमधून थेट ट्रॅक्टरमध्ये जातो आणि मजुरी रोख दिली जाते. मजुरीच्या बाबतीत ते बरंच झालं. ओंजळ तेवढी गेली.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात या 'वरून'ला चक्क एक नाव आहे, लॅन्याप. दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून फ्रेंच वळण घेऊन तो शब्द तिथे पोचला. मार्क ट्वेन 1883 च्या आपल्या मिसिसिपीवरच्या पुस्तकात त्यावर लट्टू झालेला दिसतो. दुकानात आलेल्या पोराच्या हातावर दुकानदार ज्येष्ठमधाची काडी ठेवतो, त्याचं हे नाव. आमच्याकडे वेगळा शब्द नाही, नुसतं 'वरून' आहे. पण एका क्रियाविशेषणाला एवढं काम करताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पाऊसही वरूनच येतो आणि सांबारही.

पावसावरून आठवलं. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तो शेतकऱ्याच्या हिशेबात पऱ्ह्यांसाठी असतो. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. बांधीत पाणी किती साचलं, चिखलणी कधी करता येईल, सगळं लक्ष तिकडे. मातीचा वास हा त्यावरचा सांबार. या वासाला 1964 साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी पेट्रिकोर हे नाव दिलं. कोरड्या दिवसांत दगडमातीवर वनस्पतींची तेलं साचतात, मातीतले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, आणि थेंब आपटला की हे सारं हवेत उडतं. कनौजच्या अत्तरवाल्यांनी शास्त्रज्ञांची वाट न पाहता कधीच हा वास चंदनाच्या तेलात धरून बाटलीत भरला आहे. मी ते अत्तर एकदा हुंगलं. वास अगदी तोच होता. पण बाटली उघडताना तो येणार हे मला माहीत होतं, तिथेच मजा गेली. ओसरीत बसलेल्या माणसाचं बोलणं मध्येच तुटतं, नाक वर होतं, आणि तो म्हणतो, "आला गा!" हे बाटलीत मावत नाही.

धानाच्या या मुलखात जमीनसुद्धा वरून देते. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येतो, बांधीत ओल शिल्लक असते, आणि उभ्या धानातच लाखोळीचं बी फेकून देतात. नांगर नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापून नेला की खाली हिरवं लुसलुशीत पीक आधीच उगवलेलं असतं. उतेरा म्हणतात याला. थंडीत त्यावर निळी फुलं येतात. झाडीबोलीत 'ळ' जिभेवर टिकत नाही, म्हणून लाखोळीची लाखोरी होते आणि डोळ्याचा डोरा. आमच्या लाखांदूर तालुक्याच्या नावाचीही सुरुवात 'लाख'ने होते. योगायोग असला तरी मला तो आवडतो.

या लाखोळीच्या डाळीवर 1961 साली विक्रीबंदी आली. ती सतत आणि जवळपास एकटीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, असं कारण होतं. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी तिच्या बाजूनं वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. दुष्काळात दुसरं काही नसताना नुसती हीच डाळ खाऊन लोक आजारी पडले, तो दोष डाळीचा किती आणि दुष्काळाचा किती, हे भांडण जुनं आहे. आमच्या बाया त्या भांडणात पडल्या नाहीत. कागदावर बंदी होती आणि चुलीवर वडे होते. हिवाळ्यात कोवळ्या शेंगा खुडून खाताना कायद्याची आठवण कोणाला झाल्याचं मला तरी दिसलं नाही. बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसानं शेंगांना हात घातला तर मालक ओरडत नाही. "खा ना जी," म्हणतो. फुकट उगवलेलं पीक, त्याच्यावर किती हक्क सांगणार?

जे. बी. प्रीस्टली या इंग्रज लेखकानं 1949 मध्ये 'डिलाइट' नावाचं पुस्तक लिहिलं. स्वतःला तो जन्मजात कुरकुऱ्या म्हणवायचा. युद्ध नुकतं संपलेलं, घरोघरी रेशन चालू, आणि या गृहस्थानं आपल्याला आनंद देणाऱ्या 114 गोष्टींवर छोटे छोटे लेख लिहिले. पहिलाच लेख कारंज्यांवर. मला पुस्तकापेक्षा ते वर्ष महत्त्वाचं वाटतं. भरल्या पोटी अशी यादी कोणीही करेल. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कारंजं आठवावं, हे खरं. आमच्याकडची यादी करायची तर मी कशापासून सुरुवात करीन? कारंजं लाखांदुरात कशाला असेल. मी नाटकापासून करीन.

दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि रात्री नाटक असतं. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचा बाजार शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला. सरकारदरबारी ते देसाईगंज, पण तारीख घ्यायला गाव वडशालाच जातं. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. कापणी झालेल्या बांधीत मांडव पडतो, रात्री दहाच्या पुढे ऑर्गनचा सूर निघतो आणि पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. कुरखेड्याकडच्या परशुराम खुण्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. शहरातल्या रंगकर्मींनी आकडा दोनदा वाचला. आमच्याकडे कोणाला त्यात नवल वाटलं नाही. इथे नट हंगामभर रोज रात्री उभा राहतो.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. एका मंडईत मी थंडीनं कुडकुडत, घोंगडी पांघरून बसलो होतो. पुढे एक म्हातारी होती. रंगमंचावर खलनायक सुनेला छळत होता आणि म्हातारी त्याला शिव्या घालत होती, हळू आवाजात, माळ जपल्यासारख्या. "मुडद्या. मुडद्या." तिसऱ्या अंकात ती उठून उभीच राहिली. पोरांनी हात धरून बसवली. पहाटे नाटक संपलं. चहाच्या ठेल्यावर तोच खलनायक उभा होता. रंग अर्धवट पुसलेला, कानामागे काजळाचा डाग, अंगावर स्वेटर. हातात चहाचा ग्लास घेऊन फुंकत होता. म्हातारी पोरीचा हात धरून तिथे आली, त्याच्यासमोर थांबली आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ठेल्यावरची माणसं गप्प झाली.

"काऊन गा, सुनेले एवढा मारलास?"

तो भला माणूस ओशाळला. "चुकलो माय," म्हणाला.

म्हातारीनं पदराची गाठ सोडली, दहाची नोट काढली आणि ठेलेवाल्याला दिली. "याच्या चहाचे घे. रातभर बोलून बोलून नरडा सुकला असंल याचा." मग सगळा ठेला हसला, नटही हसला, आणि म्हातारी एकटीच गंभीर चेहऱ्यानं घराकडे गेली. तिकिटाचे पैसे तिनं आधीच दिले होते. हे दहा रुपये वरून.

वरूनचं सगळं गोडच असतं असं कोणी समजू नये. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला. वर मध्य प्रदेशात धो धो पाऊस, तिथल्या धरणाचं पाणी, मग गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडलेले. आमची चुलबंद नदी वैनगंगेला जाऊन मिळते, पण त्या दिवसांत वैनगंगा तिचं पाणी घेईना. निसवायला आलेला धान दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिला. वरून आलं आणि कोणी मागितलेलं नव्हतं. त्या पुराबद्दल मला कुठलीही हसरी गोष्ट सांगायची नाही. बांधीत सडलेल्या धानाचा वास मला अजून आठवतो, आणि त्या वासाला शास्त्रात काही नाव असलं तरी मला नको आहे.

दुसरं एक 'वरून' आहे सरकारी. धानाच्या हमीभावावर बोनस. तो जाहीर होतो तेव्हा पानठेल्यावर दोन दिवस चर्चा रंगते. मग कागद जोडा, नोंदणी करा, खातं तपासा. मिळत नाही असं नाही, मिळतो. पण ज्याची वर्षभर वाट पाहायची त्याला वरून कसं म्हणायचं? तो येतो तेव्हा माणूस हसत नाही, सुस्कारा सोडतो. कृषी केंद्रवाला मात्र हसतो, कारण त्याची उधारी वसूल होते.

तेव्हा मी माझ्या यादीचा नियमच करून टाकला आहे. वाट पाहिली तर ती गोष्ट बाद. मागितली तरी बाद. या नियमात माझं बाजारात थांबून राहणं बसत नाही, हे मला कळतं. पण तोंडानं मी कधी मागत नाही, एवढी पळवाट मी स्वतःला ठेवली आहे. एसटीचा ड्रायव्हर थांबा नसलेल्या जागी, म्हातारा बघून गाडी हळू करतो, ते यादीत. कंडक्टरनं त्यावर ओरडणं, आणि ओरडता ओरडता म्हाताऱ्याची पिशवी स्वतःच वर घेणं, तेही. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली की ती वाटी आपण रिकामी परत करत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं दोन घरांच्या मध्ये एकच वाटी फिरत राहते. आमच्या घरातली अशी एक वाटी मुळात कोणाची, हे आता दोन्ही घरांना आठवत नाही. तळाशी नाव कोरलेलं आहे, पण ते तिसऱ्याच कोणाचं तरी आहे.

मागच्या पावसाळ्यात सांबार फार महागला होता. जुडीला हात लावायची सोय नव्हती, आणि भाजीवालीकडे सगळ्या मिळून पाच-सहा जुड्या, त्याही फडक्याखाली दडवलेल्या. मी वांगी घेतली, पैसे दिले आणि त्या दिवशी न थांबता निघालो. थांबणं बरं दिसलं नसतं. चार पावलं गेलो असेन.

"ओ जी!"

वळलो. तिनं फडका उचलला, जुडी न सोडताच बोटांनी चाचपली आणि काड्या ओढून काढल्या. घरी येऊन मी त्या मोजल्या. तीन होत्या.