साबुदाण्याच्या गोळ्या आणि आमचा हिशेब

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झाल्यापासून जमा आणि खर्च या दोन रकान्यांतच आयुष्य चालले आहे. सुटीच्या दिवशी वस्तीत फिरतो. कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कोणाचा जातीचा दाखला, अशी कामे करतो. लोकांना चार गोष्टी सांगण्याची सवय आहे. पण आमच्याच घरात आम्ही कसे चुकलो, ते आज सांगायचे आहे.

होमिओपॅथीशी आमची ओळख २०१६ साली झाली. धाकट्याच्या हातावर पाच-सहा चामखिळी उठल्या होत्या. जाळून काढाव्या लागतील हे ऐकूनच पोरगा रडू लागला. शेजारच्या काकूंनी एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. त्यांनी थुजाच्या गोळ्या दिल्या. चार महिन्यांत हात स्वच्छ! आम्ही वस्तीभर सांगत सुटलो. मुलांच्या चामखिळी पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआपच जातात, हे आम्हाला फार उशिरा कळले.

पुढे २०१८ च्या पावसाळ्यात मुलांच्या आईला खोकला लागला. इस्पितळात तीन तास रांगेत उभे राहिलो. तपासणी दोन मिनिटांची. समोरच्याने मानही वर न करता चिठ्ठी लिहिली. बाटली संपली, खोकला तसाच. मग पुन्हा त्याच होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी तासभर विचारपूस केली. झोप कशी लागते, तहान किती लागते, भीती कशाची वाटते, स्वप्ने कोणती पडतात. बाहेर आल्यावर ती पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, "लग्नाला पंधरा वर्षं झाली. मला स्वप्नं पडतात का, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही." आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुड्या सुरू झाल्या. कांदा, लसूण, कॉफी बंद. लसणाशिवाय सुकटीची चटणी म्हणून मुले रुसली. त्या आठवड्यात तिला बरे वाटले, जेवणही थोडे वाढले. मग खोकला पुन्हा जोर करू लागला. आधी त्रास वाढतो आणि मग औषध लागू पडते, असे आम्ही कुठेसे ऐकले होते. तेच आम्ही तिला समजावत राहिलो. जोडीला आत्याने सांगितलेला अडुळशाचा काढा आणि कचेरीतल्या सहकाऱ्याने दिलेला अ‍ॅक्युप्रेशरचा लाकडी रोलर होताच. तीन महिने गेले. वजन सहा किलोंनी उतरले. संध्याकाळी अंग तापू लागले. एकाच खोलीत दोन्ही मुले तिच्या कुशीला झोपत होती.

एके दिवशी पालिकेच्या आरोग्यसेविका घरोघर विचारत आल्या, "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कोणाला आहे का?" त्यांनी थुंकीसाठी डबी दिली. तपासणी फुकट. निदान झाले फुफ्फुसाच्या क्षयाचे.

सहा महिने रोज गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. लघवी केशरी होऊ लागली तेव्हा ती घाबरली. ते रिफाम्पिसिनमुळे होते आणि त्यात भिण्यासारखे नाही, हे त्या सेविकेनेच समजावले. मुलांचीही तपासणी झाली. दोघांनाही काही निघाले नाही. ते ऐकले आणि दवाखान्याच्या पायरीवर आम्हाला बसावेच लागले. आज ती बरी आहे.

आम्ही त्या डॉक्टरांना जाऊन सांगितले. भला माणूस. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मीच थुंकी तपासायला पाठवायला हवं होतं." आता लांबलेल्या खोकल्याचा रोगी आला की ते आधी तपासणीला पाठवतात.

नंतर आम्ही हिशेब मांडला. जर्मनीच्या डॉ. हानेमान (१७५५–१८४३) यांनी ही पद्धत काढली. त्या काळी वैद्य रोग्याचे रक्त काढत, जळवा लावत. त्यापेक्षा निरुपद्रवी गोळी खरोखरच बरी. पण ती बनते कशी? अर्काच्या एका थेंबात ९९ थेंब मिसळायचे, त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा ९९ मिसळायचे. असे तीस वेळा केले की '३०' नंबरचे औषध. म्हणजे एक भाग औषध आणि एकावर साठ शून्ये इतके भाग पातळ करणे. बारा वेळांनंतरच मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची आशा संपते. इतकी शून्ये आम्ही कुठल्या अंदाजपत्रकातही पाहिली नाहीत. क्षय, मलेरिया, बालकांचा अतिसार यांवर होमिओपॅथी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००९ सालीच सांगितले होते.

एवढे कळूनही परीक्षा पुढेच होती. २९ जानेवारी २०२० रोजी आयुष मंत्रालयाने कोरोनाच्या प्रतिबंधासाठी 'आर्सेनिकम अल्बम ३०' सुचवले आणि वस्त्यावस्त्यांत बाटल्या वाटल्या गेल्या. आमच्या समाजमंदिरातही खोकी आली. वाटप आमच्याकडेच होते. लोकांना धीर येईल, नुकसान तर काही नाही, असे म्हणून पहिल्या दिवशी आम्ही वाटल्या. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी मावशी मास्क न लावता बाजारात निघालेली दिसली. हटकले तर म्हणाली, "तूच गोळी दिलीस ना बाबा? आता फडकं कशाला?"

नुकसान होते ते असे. गोळीत काही नसते, पण तिच्यामुळे माणूस निर्धास्त होतो. त्या दिवसापासून आम्ही बाटल्यांऐवजी कापडी मास्क वाटू लागलो आणि मावशीच्या हातात पहिला मास्क आम्हीच दिला.

वाचक बंधु-भगिनींनो, आम्ही कोणाची टिंगल करीत नाही. रोग्याशी तासभर बोलणारा माणूस आम्हाला आजही हवा आहे. सरकारी दवाखान्यात तो मिळत नाही, म्हणूनच लोक पुड्यांकडे वळतात. तो मिळावा म्हणून आपण भांडलेही पाहिजे. पण कोणी आपले ऐकून घेतले म्हणजे आपली तपासणी झाली, असे होत नाही. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना हजार रुपयेही मिळतात. अर्ज भरता येत नसेल, तर भरून द्यायला आम्ही आहोत.

आणि आज घरी गेल्यावर घरच्या बाईमाणसाला एकदा विचारा, झोप कशी लागते म्हणून. त्यासाठी कुठल्याही डॉक्टरची वाट पाहू नका.